‘सत्तांतर’ हा शब्द कोणाचा?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या वाटेवर वानरांची टोळी दिसली की बरोबरचे कोणीतरी हमखास म्हणते, “तो बघ त्यांचा राजा.” बोट सर्वांत धिप्पाड हुप्प्याकडे असते. अनेक वर्षे मीही त्याच्याचकडे पाहत आलो. यंदा व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ पुन्हा वाचली आणि त्या बोटाविषयीच शंका आली.

या कादंबरीला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. टोळीच्या प्रमुखपदासाठी नरांचा झगडा आणि विजयी नराकडून पिल्लांची हत्या हा तिचा गाभा. आपल्याकडे ती बहुधा राजकीय रूपक म्हणून वाचली गेली. त्यात नवल नाही. 1977 आणि 1980 मध्ये दिल्लीत, 1978 मध्ये मुंबईत सरकारे बदलली होती. शीर्षकातला शब्द रोजच्या वर्तमानपत्रातला होता.

पण हा शब्द वानरांचा नव्हे, आपला आहे. 1960 च्या दशकात युकिमारू सुगियामा यांनी धारवाडजवळ वानरांतील पिल्लांच्या हत्येची नोंद केली. काही अभ्यासकांनी ती गर्दीमुळे आलेली विकृती मानली. सारा हर्डी यांनी अबूच्या वानरांवरील 1977 च्या ग्रंथात वेगळे कारण मांडले : तान्हे गेले की आई लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती मिळते. एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. त्याच ग्रंथातल्या वानरी मात्र मागे पडल्या. त्यांतल्या म्हाताऱ्या वानरी पिल्लासाठी नराच्या अंगावर धावून जातात. गाभण वानरीही नव्या नराशी जुगते, त्यामुळे पिल्लू कोणाचे हे त्याला उमगत नाही. टोळीला ‘जनानखाना’ म्हटले की हे सारे नजरेआड होते.

प्राण्यांना भाषाच नाही, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. केनियातल्या अंबोसेलीत व्हर्वेट माकडांना त्यांच्याच इशाऱ्यांचे ध्वनिमुद्रण ऐकवले गेले. बिबट्याची हाक ऐकून ती झाडावर चढली, गरुडाची ऐकून त्यांनी वर पाहिले, सापाची ऐकून खाली. 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने हाकेत अर्थ असतो हे दाखवले. मात्र कालच्या बिबट्याविषयी आज बोलण्याची सोय त्या हाकेत नाही. ती आपल्या शब्दांत आहे. म्हणून वानराच्या कृत्याला आपण ‘सत्तांतर’ म्हणू शकतो, आणि तोच शब्द माघारी आणून माणसाच्या क्रौर्याला ‘निसर्गनियम’ही ठरवू शकतो.

माझा आक्षेप इथे आहे. माडगूळकरांचे सामर्थ्य निरीक्षणात आहे. ते वानरांच्या तोंडी उपदेश घालत नाहीत. शीर्षकाने मात्र वाचकाला पळवाट दिली. रूपक म्हणून वाचले की वानर पुढाऱ्यांचे मुखवटे होतात आणि पुढाऱ्यांना ‘जंगलात असेच चालते’ ही सबब मिळते. हुप्प्याला आपल्या कृत्याचे समर्थन करावे लागत नाही. आपल्याला करावे लागते, कारण आपल्यापाशी त्यासाठी शब्द आहेत आणि वेगळे वागण्याची कल्पनाही.

‘सत्तांतर’ पुन्हा वाचावी, पण शीर्षक झाकून. कान्हेरीला गेलो की आता मी आधी कडेला बसलेल्या म्हाताऱ्या वानरी शोधतो.