नाव कळलं, गाव कळलं का?

जोतिबाच्या चैत्र यात्रेहून परतणाऱ्याला ‘कुठून आलात?’ असं विचारावं लागत नाही. अंगावरचा गुलालच ते सांगतो. जीवाणूंच्या अंगावर असा गुलाल नसतो. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांचा सहभाग असलेला एक प्रयोग वर्गात सांगताना हे विसरून चालणार नाही.

२० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून एक मोठा फुगा सोडला गेला. निर्जंतुक पोलादी नळ्यांत २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा भरून आणली. हैदराबाद आणि पुण्याच्या दोन प्रयोगशाळांनी ती स्वतंत्रपणे तपासली. त्यात जीवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या.

जीवाणू ओळखायचा कसा? पेशी फोडून, प्रथिनं काढून टाकून डीएनए वेगळा करतात. त्यातल्या ‘१६एस’ या सुमारे १५०० अक्षरांच्या जनुकाच्या असंख्य प्रती काढतात, अक्षरांचा क्रम वाचतात आणि साठवलेल्या माहितीशी ताडून पाहतात. ९ वसाहती ज्ञात जातींशी ९८ टक्क्यांहून अधिक जुळल्या. उरलेल्या तिघांच्या आणखीही चाचण्या झाल्या आणि २००९ मध्ये त्यांना जानिबॅक्टर हॉयलाय, बॅसिलस इस्रोनेन्सिस व बॅसिलस आर्यभट्टाय अशी नावं मिळाली.

इथवर काम चोख आहे. गफलत होते ती पुढे, ‘हे अंतराळातले जीवाणू’ असं सांगताना. जनुकाचा क्रम नातं सांगतो, पत्ता नाही. ‘नवी जात’ म्हणजे आपल्या नोंदींत नसलेली जात, एवढंच. शिवाय तिघांचेही जवळचे नातेवाईक पृथ्वीवरच आहेत आणि आर्यभट्टाय तर पुढे मातीतही सापडला. अतिनील किरणांना हे तिघे अधिक दाद देत नाहीत हे खरं, पण तो गुण पृथ्वीवरच्या जीवाणूंतही आढळतो.

शास्त्रज्ञांनी स्वतः संयम पाळला होता. पृथ्वीबाहेरचा उगम निर्णायकपणे सिद्ध झालेला नाही, असं इस्रोनंही स्पष्ट केलं होतं.

मग पुरावा कोणता? कदाचित पेशीतल्या कार्बनच्या समस्थानिकांचं वेगळं प्रमाण. पण वसाहत आपल्याच अन्नावर वाढवली, की पेशींत आपलाच कार्बन भरतो. म्हणजे असलेला गुलालही धुतला जातो! म्हणून तो न वाढवलेल्या पेशींतच शोधायला हवा.

मुलांना उत्तर सांगण्याआधी एवढं विचारा: या चाचणीनं नेमकं काय कळलं, आणि काय कळलंच नाही?