आईचें आजारपण आणि आपलें वाङ्मय

ग्रंथाची परीक्षा करणें हें टीकाकाराचें काम होय. परंतु आयुष्यांत असा एखादा प्रसंग येतो कीं, त्या वेळीं ग्रंथच टीकाकाराची परीक्षा घेऊं लागतो. गेलीं अठ्ठावीस वर्षें मी महाविद्यालयांत वाङ्मय शिकवीत आहें. मातृप्रेमावरील कवितांचें रसग्रहण मीं किती वर्गांपुढें केलें असेल याची गणती नाहीं. दोन वर्षांपूर्वीं बोदवडास राहणाऱ्या माझ्या आईच्या उजव्या स्तनांत गांठ निघाली आणि ती कर्करोगाची ठरली. त्यानंतरच्या वर्षभरांत आधारासाठीं मी ज्या पुस्तकांकडे वळलों, त्यांपैकीं कांहींनीं मला हात दिला, कांहींनीं दिला नाहीं. हा भेद कां पडला याचा विचार येथें करावयाचा आहे. गोष्ट केवळ माझ्या घरची असती, तर ती या पानांवर आणण्याचें कारण नव्हतें. पण भारतीय स्त्रियांत आज सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग हाच आहे; तेव्हां हा प्रसंग वाचकांपैकीं अनेकांच्या दाराशीं येऊन गेला असेल किंवा येणार असेल.

पहिली अडचण भाषेचीच आहे. आईनें ती गांठ आठ महिने लपविली. आधीं कापूस वेंचून व्हावयाचा होता, मग नातीचें लग्न होतें. पुढें मीं कारण विचारलें तेव्हां ती म्हणाली, "पोराले काय असं सांगतात रे बाबा?" या उत्तरावर मी पुष्कळ दिवस विचार केला. आपल्या घरगुती मराठींत मुलाला पाजण्याच्या क्रियेला 'अंगावर पाजणें' म्हणतात. ज्या अवयवानें आपणां सर्वांस वाढविलें, त्याचें नांव घरांत उच्चारलें जात नाहीं. 'स्तन' हा शब्द संस्कृत काव्यांत मिरवतो आणि वैद्यकीय अहवालांत छापला जातो. पण आईनें मुलाला सांगावें असा शब्द या दोहोंच्या मध्यें कोठेंच नाहीं. शब्द नाहीं म्हणून सांगणें नाहीं, आणि सांगणें नाहीं म्हणून औषधाला उशीर. मुंबईंत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर जो दीर्घ प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला आहे. शिकविलेल्या आरोग्यसेविकांनीं दर दोन वर्षांनीं नुसत्या हातानें तपासणी केली, तरी रोग आधींच्या अवस्थेंत सांपडूं लागला. पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत तर या रोगानें होणारे मृत्यु जवळजवळ तीस टक्क्यांनीं कमी झाले. म्हणजे येथें पहिलें औषध हातानें तपासण्याचें आणि तोंडानें बोलण्याचें आहे. वाङ्मयाचा संबंध दुसऱ्या गोष्टीशीं येतो.

मातृभक्तीचें वाङ्मय म्हटलें कीं प्रथम 'श्यामची आई' आठवते. साने गुरुजी मूळचे कोंकणांतले, पण अमळनेरास ते शिक्षक झाले आणि खानदेशानें त्यांना आपलेंच मानलें. हें पुस्तक त्यांनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें व १९३५ सालीं तें प्रसिद्ध झालें. त्यांची आई १९१७ सालीं वारली होती. म्हणजे मृत्यु आणि लेखन यांत सोळा वर्षांचें अंतर होतें. मीं हें पुस्तक पुन्हां वाचलें तें आईच्या उशाशीं बसून. डोळे भरून आले, तरी या वेळीं एक गोष्ट खुपली. आईच्या अखेरच्या दुखण्यांत श्याम जवळ नसतो. तो घरीं पोंचतो तेव्हां सर्व आटोपलेलें असतें. दुखण्याची हकीकत आपणांस कळते ती त्यानें मागाहून ऐकलेली म्हणून. ग्रंथाचा शेवट ज्या कारुण्यावर उभा आहे, तें उशिरां पोंचलेल्या मुलाचें कारुण्य आहे. खाटेवर पडलेल्या आईला त्या वेळीं काय हवें होतें, हा प्रश्न त्या अश्रूंत बुडून जातो.

यांत गुरुजींना दोष देण्याचा हेतु नाहीं. त्यांनीं संस्कारांचें पुस्तक लिहिलें, आजारपणाचें नव्हे. आणि आपण जवळ नव्हतों हें त्यांनीं लपविलें नाहीं. दोष आहे तो आम्हां शिकविणारांचा. आईनें स्वतःचें दुखणें कोणाला कळूं न देणें हीच तिच्या थोरवीची खूण, असें उत्तर आम्हीं वर्षानुवर्षें विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतलें आणि त्यास पुरे गुण दिले. माझ्या आईनें तें पुस्तक वाचलेलें नाहीं. पण हा आदर्श पुस्तकाहून जुना आहे. घरांतून तो पुस्तकांत आला आणि पुस्तकांतून पवित्र होऊन पुन्हां घरांत गेला. आईनें आठ महिने गांठ लपविली तेव्हां ती या आदर्शाप्रमाणेंच वागत होती. मीं गुण दिलेलें उत्तर माझ्याच घरीं खरें झालें.

दुसरी अडचण आम्हां मुलांची. रोगाचें नांव कळतांच मी, माझा धाकटा भाऊ आणि बहीण यांनीं ठरविलें कीं आईस सांगावयाचें नाहीं. 'साधी गांठ आहे, काढली कीं झालें,' एवढेंच सांगून आम्हीं तिला भुसावळहून रात्रीच्या गाडीनें मुंबईस नेलें. या बाबतींत युरोपांतील लोक आपल्याहून धीट असतात अशी माझी समजूत होती. ती दोन पुस्तकांनीं दूर केली. सिमोन द बोव्हार या फ्रेंच लेखिकेच्या आईस १९६३ सालीं आंतड्याचा कर्करोग निघाला. पोटांतील दाह आहे असें तिला सांगण्यांत आलें आणि दोघी मुलींनीं तें खोटें शेवटपर्यंत सांभाळलें. १९६४ च्या आपल्या छोट्या पुस्तकांत लेखिकेनें या लपवालपवीचा हिशेब स्वतःस सूट न देतां मांडला आहे. दुसरें पुस्तक डेव्हिड रीफ यांचें, २००८ चें. त्यांची आई सुझन सोंटॅग हिला १९७५ सालीं स्तनाचा कर्करोग झाला होता. त्यांतून ती वांचली, पण २००४ सालीं रक्ताच्या विकारानें गेली. तिला आशेखेरीज दुसरें कांहीं ऐकावयाचें नव्हतें, म्हणून मुलानें आशाच पुरविली. आणि त्यामुळें आईचा निरोप घ्यावयाचा राहून गेला ही खंत त्याच्या पुस्तकभर पसरली आहे. एका घरीं मुलींनीं लपविलें, दुसऱ्या घरीं आईनेंच ऐकावयाचें नाकारलें. एकटेपणा मात्र दोन्हीकडे सारखा.

आमच्या घरचें खोटें सहा आठवडे टिकलें. परळचें टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, त्या दुःखांतून त्याची कल्पना निघाली असें सांगतात. तेथें देशाच्या सर्व भागांतून रोगी येतात, आणि त्यांतील कित्येकांस दादरची गाडगेबाबांच्या मिशनची धर्मशाळा आसरा देते. आम्हीही तेथेंच उतरलों होतों. ओसरीवर बसलेल्या बायका आपापल्या रोगाविषयीं बाजारभावाइतक्या मोकळेपणानें बोलत. एका संध्याकाळीं आई मला म्हणाली, "तुम्ही तिघं आपसांत बोलता अन् मी आली कीं गप होता. मले काय झालं हे इथल्या साऱ्या बायांले माहीत आहे. तुमचीच पंचाईत झाली." तिला सर्व ठाऊक होतें, आम्हांस वाईट वाटूं नये म्हणून ती ठाऊक नसल्यासारखें वागत होती. तिनें आम्हांपासून गांठ लपविली, आम्हीं तिच्यापासून गांठीचें नांव लपविलें; आणि दोन्ही पक्षांनीं त्यास प्रेम म्हटलें.

त्यानंतर मी स्वतः रोग्यानें लिहिलेलीं पुस्तकें शोधूं लागलों. इंग्रज कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी हिच्यावर ३० सप्टेंबर १८११ रोजीं पॅरिसमध्यें भूल न देतां शस्त्रक्रिया झाली. पतीला तें पाहावें लागूं नये म्हणून तिनें त्याला ती वेळ कळूं दिली नाहीं. म्हणजे आईची लपविण्याची रीत केवळ बोदवडची नव्हे. पण पुढें तिनें बहिणीला जें पत्र लिहिलें, त्यांत कांहींही लपविलें नाहीं. सोंटॅगनें १९७८ सालीं रोगावर लादलेल्या रूपकांविरुद्ध एक प्रखर निबंध लिहिला. रोगास युद्ध म्हणूं नका, रोग्याच्या स्वभावांत त्याचें कारण शोधूं नका, असें ती सांगते. आपल्याकडे याहून जुनें रूपक आहे, तें म्हणजे 'भोग'. शिरसाळ्याच्या मारुतीचा कोणता नवस फेडावयाचा राहिला, असें आईस विचारणारे शेजारी प्रेमळच होते. पण त्या प्रश्नानें रोगी अपराधी ठरते, हें सोंटॅगमुळें माझ्या ध्यानांत आलें. तरीही तिच्या निबंधांत तिचें स्वतःचें आजारपण एका शब्दानेंही येत नाहीं. तें धैर्य ऑड्री लॉर्ड या कवयित्रीच्या १९८० च्या दैनंदिनींत आढळतें. कृत्रिम स्तन लावून लोकांस बरें वाटेल असें दिसण्याचें तिनें नाकारलें. विचार सोंटॅगचा अधिक तीक्ष्ण आहे. पण खाटेजवळ बसलेल्या माणसास लॉर्डचा अधिक उपयोग होतो, कारण रोग्याला काय वाटतें हें तेथें रोगीच सांगते.

आणि तेव्हां मला आपल्याच जिल्ह्यांतील एक उदाहरण आठवलें. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० सालीं असोद्यास झाला. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतांत आणि जात्यावर त्या जीं गाणीं म्हणत, तीं त्यांचे पुत्र सोपानदेव आणि एक आप्त कागदावर उतरवून घेत. १९५१ सालीं बहिणाबाई वारल्या. सोपानदेवांनीं तें बाड आचार्य अत्र्यांस दाखविलें आणि १९५२ सालीं तीं गाणीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. हीं गाणीं आजारपणाचीं नव्हेत. पण त्यांत पीक आहे, संसार आहे, वैधव्य आहे, मरण आहे. आणि या साऱ्यांविषयीं बोलते ती आई स्वतः, आपल्या लेवा बोलींत. सोपानदेव स्वतः कवि होते. आईवर करुण कविता लिहिणें त्यांना अवघड नव्हतें. पण आईचे शब्द लिहून घेणें हें त्यांचें मोठें कार्य ठरलें. मातेविषयीं लिहिणारे पुत्र आपल्या वाङ्मयांत पुष्कळ आहेत. मातेनें सांगितलेलें उतरवून घेणारा पुत्र विरळा.

मीं एक वही केली. आईस दर एकवीस दिवसांनीं शिरेंतून औषध देत. पुढच्या खेपेस डॉक्टर विचारीत, उलट्या किती दिवस झाल्या, ताप किती चढला, बोटांस मुंग्या येतात काय. या प्रश्नांचीं उत्तरें आईनें सांगावीं आणि मीं लिहावीं असें ठरलें. पहिल्याच खेपेस मीं लिहिलें, 'तोंडास धातूसारखी चव.' तिनें वाचून दाखवावयास लावलें आणि म्हणाली, "मी असं म्हटलं का? पाण्याले विळ्याची चव लागते म्हटलं." मीं खोडून विळा लिहिला. केस गेल्यावर मी सांत्वनाचे शब्द जुळवीत होतों, तिनें सांगितलें, "केसाचं काही नाही, डोक्यावर पदर ठरत नाही त्याचा राग येतो." माझें सांत्वन भलत्याच दुःखासाठीं होतें. त्या दिवशीं बहिणीनें पदरास दोन टांचण्या लावून दिल्या आणि तो प्रश्न मिटला.

वाङ्मयानें रोग बरा होत नाहीं. आईचा रोग आटोक्यांत आणला तो औषधांनीं, शस्त्रक्रियेनें आणि किरणांनीं; आतां ती बोदवडास आहे, रोज एक गोळी घेते, सहा महिन्यांनीं तपासणीस जाते, आणि पुढें काय होईल याची खात्री कोणी दिलेली नाहीं. पण घरांत कोणतें बोलणें शक्य आहे आणि कोणतें अशक्य, हें ठरविण्यांत वाङ्मयाचा वांटा असतो. आईची पूजा बांधणाऱ्या वाङ्मयानें तिचें बोलणें अवघड केलें असेल, तर तिचें बोलणें टिपणाऱ्या वाङ्मयानें तें सुलभ केलें पाहिजे.

यंदा 'श्यामची आई' शिकवून झाल्यावर मीं विद्यार्थ्यांस नेहमींचा प्रश्न घातला नाहीं. घरीं जाऊन आईला तिच्या प्रकृतीविषयीं विचारावें आणि ती सांगेल तें तिच्याच शब्दांत लिहून आणावें, एवढेंच सांगितलें. साठांपैकीं एकोणीस वह्या आल्या. त्यांतल्या अकरांत एकच वाक्य होतें: आई म्हणते, मला कांहीं झालेलें नाहीं.