डोलीत बसलेला राजा

मैफलीच्या शेवटी भैरवी लागते आणि ‘बाबुल मोरा’ सुरू होते. उठायला निघालेली माणसं पुन्हा मांडी घालतात. भीमसेन जोशींच्या आवाजात ही ठुमरी मराठी रसिकांनी मनात जपली आहे. बोली अवधची, तरी अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. लेक सासरी निघाली आहे, बापाला हाक मारते आहे, माहेर सुटतं आहे. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या कानांना याहून ओळखीचं दुःख कोणतं असणार?

पण नुसतं पाठवणीचं गाणं म्हणून ऐकली, तर तिचा अर्धा जीव हातून निसटतो. परंपरेनं ही रचना अवधचे राजे, लखनौच्या वाजिद अली शाह यांची मानली आहे. 4 फेब्रुवारी 1856 रोजी ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट औट्रम राज्य सोडून देण्याचा करारनामा घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी डोक्यावरची पगडी उतरवून त्याच्या हातात ठेवली, सही मात्र केली नाही. तीन दिवसांत अवध खालसा झालं आणि 13 मार्चला त्यांनी लखनौ सोडलं.

आता ठुमरीकडे परत या. इथे लेक कोण आहे? रयतेचा बाप म्हणवणारा राजाच लेक झाला आहे! कुठे जायचं, कधी जायचं, कुणाबरोबर जायचं, यातलं काहीच जिच्या हातात नाही, तिच्या तोंडून तो बोलतो. कंपनीनं त्याच्यावर काय ठपका ठेवला होता? गाण्याबजावण्यात, नाचात, जनान्यात रमलेला हा माणूस राज्य करायला नालायक आहे, असा. त्यानं या ठपक्याला पुरुषी आवेशानं उत्तर दिलं नाही. ठुमरी हे बाईच्या मनीचं गाणं, तेच त्यानं उचललं आणि आपला पराभव त्यात ठेवला. याला कुणी नुसतं रडगाणं म्हणतं, ते मला मुळीच पटत नाही. सही न केलेल्या करारनाम्याचंच हे दुसरं रूप आहे. पाठवणीत लेकीची संमती कुणी विचारत नाही, तशी इथेही कुणी विचारली नव्हती, हे ही ठुमरी दर वेळी नव्यानं सांगते.

अंतऱ्यात चार कहार येतात, म्हणजे आपले भोई. ते डोली सजवून उचलतात. चार खांदे म्हटल्यावर मराठी मनात आणखी काय उभं राहतं, ते सांगायला नको. लग्न, मरण आणि हद्दपारी ही तिन्ही एकाच डोलीत बसली आहेत. पुढे घरचं अंगणच डोंगर होतं, उंबरठा परमुलुख होतो. देश परका होतो तो सरहद्दीवर नव्हे, स्वतःच्या उंबऱ्यावर. परक्या सत्तेचं याहून नेमकं वर्णन मला ठाऊक नाही. कोमल रिषभावर गायक रेंगाळतो, मग षड्जावर येतो, पण विसावत नाही. आपलं आणि परकं दोन्ही सुटतं म्हणणाऱ्या ओळीवर तो पुन्हा पुन्हा परततो, निघणारी लेक दारातून मागे वळून पाहते तसा. ‘स्ट्रीट सिंगर’ या 1938 च्या चित्रपटात सैगलनं हीच ठुमरी रस्त्यानं चालत चालत, जवळजवळ काही न सजवता गायली. महालातलं दुःख अशा रीतीनं रस्त्यावर आलं.

घर सुटण्याच्या गाण्यात सत्तेचा हिशेब मांडणं ही लखनौचीच मिरास नाही. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गमधली सोफियाटाउन ही काळ्यांची गजबजलेली वस्ती वर्णद्वेषी सरकारनं फेब्रुवारी 1955 पासून उठवायला सुरुवात केली. लोकांना बंदुकीच्या धाकात ट्रकमध्ये घालून शहराबाहेरच्या मेडोलँड्सला नेलं. पुढल्याच वर्षी स्ट्राइक व्हिलाकाझीनं ‘मेडोलँड्स’ हे गाणं रचलं. चाल इतकी नाचरी, की सरकारला ते आपल्या योजनेचं कौतुक वाटलं असं सांगतात. वस्तीतल्या माणसांना मात्र त्यातली चीड कळत होती. गायिका मिरियम मकेबानं ते जगभर पोचवलं. पासपोर्ट रद्द झाल्यामुळे 1960 मध्ये तिला स्वतःच्या आईच्या अंत्यसंस्कारालाही परतता आलं नाही. आणि आपल्याकडे? अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत मुंबईच्या कामगाराची मागे राहिलेली बायको बघता बघता महाराष्ट्राबाहेर राहिलेलं बेळगाव-कारवार होते. विरहातून राजकारण बोलायचं ही कला आपल्या शाहिरांना कुणी शिकवावी लागली नाही.

मकेबाच्या आईची गोष्ट ऐकली की मला वाजिद अली शाह यांची आई आठवते. मुलाचं राज्य परत मागायला ही वृद्ध पडदानशीन बाई समुद्र ओलांडून लंडनला गेली. दाद मिळाली नाही. परतीच्या वाटेवर जानेवारी 1858 मध्ये पॅरिसला तिचा अंत झाला, कबरही तिथेच आहे.

मुलगा तेव्हा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये कैदेत होता. सुटल्यावर त्यानं हुगळीकाठी मटियाबुर्जला दुसरं लखनौ वसवलं. तिथे इमामबाडे उभे राहिले, पतंग उडाले, कथक आणि ठुमरी रंगली. सासरी गेलेली लेक निदान दिवाळसणाला माहेरी येते. हा मात्र 31 वर्षं कलकत्त्यातच राहिला आणि 1887 मध्ये मटियाबुर्जच्याच सिब्तैनाबाद इमामबाड्यात दफन झाला.