स्कॅनरला न दिसणारी मागणी

‘जिल्हा रुग्णालयात बारकोड स्कॅनर वापरून औषधसाठ्याचं व्यवस्थापन’ या विषयावर पीएचडीचा प्रस्ताव लिहायचा विचार करताय? विषय चांगलाच आहे. पण अशा प्रस्तावांत एक चूक बऱ्याचदा दिसते. माझ्या पहिल्या आराखड्यातही ती होती, म्हणून जरा हक्कानं टीका करतो.

आधी बाजूचं बोलू. हातानं रजिस्टर लिहिण्यापेक्षा स्कॅन करणं जलद आणि त्यात चुकाही कमी. बॅच नंबर आणि मुदत कोडमध्ये असेल, तर जे आधी कालबाह्य होणार ते आधी वाटता येतं. राज्यात सी-डॅकनं बनवलेली ‘ई-औषधी’ प्रणाली वापरली जाते, त्यामुळे नोंद ठेवायला जागाही आहे. इथपर्यंत ठीक.

आता पहिली शंका. नोंदीतला साठा आणि फळीवरचा साठा एकच असतो का? डीहोरेशियस आणि रामन यांचा २००८ चा अभ्यास जरूर वाचा. अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीच्या ३७ दुकानांतल्या जवळपास ३,७०,००० नोंदी त्यांनी तपासल्या. त्यातल्या ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. स्कॅनर कुणीतरी स्कॅन केलं एवढंच सांगतो. घाईत वॉर्डात नेलेली, फुटलेली, उसनी दिलेली बाटली त्याला कळत नाही.

पण खरी चूक पुढे आहे. आपण लिहितो, ‘स्कॅनच्या नोंदींवरून मागणीचा अंदाज बांधू.’ इथे थांबा. नोंद होते ती खपाची, मागणीची नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सेनगाव तालुक्यातलं एखादं आरोग्य केंद्र. सर्पदंशावरच्या लसीच्या २० कुप्या आहेत आणि एका रुग्णाला सुरुवातीलाच १० लागतात. पावसाळ्यात दोन रुग्ण आले, साठा संपला. तिसऱ्याला रुग्णवाहिकेत घालून पुढे पाठवलं. गरज होती ३० ची, संगणक म्हणतो २० लागल्या. दहा टक्के वाढवून पुढच्या वर्षी २२ मागवल्या, तरी तिसरा रुग्ण पुन्हा रस्त्यावरच. त्याची मागणी नांदेडला नोंदली गेली, सेनगावला नाही. ‘बाहेरून आणा’ म्हणून हातात दिलेल्या चिठ्ठीचंही तसंच. नातेवाईक मेडिकलमधून आणतात, रुग्णालयाच्या नोंदीत शून्य. म्हणजे जिथे तुटवडा जास्त, तिथेच मागणी कमी दिसते, आणि यंत्र तो तुटवडा दरवर्षी प्रामाणिकपणे पुढे चालवतं. संख्याशास्त्रात याला ‘सेन्सॉर्ड डेटा’ म्हणतात.

हे नुसतं गणित नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, तेव्हा औषधं कमी होती की नव्हती यावरच वाद झाला. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी ‘साठ्यात दिसतंय’ आणि ‘रुग्णाला मिळालं’ यातला फरक कोण सांगणार?

मग प्रस्तावात काय बदलायचं?

एक, दर आठवड्याला थोड्या वस्तू निवडून हातानं मोजा आणि नोंदीशी ताडून पाहा. दोन, साठा शून्य असलेले दिवस वेगळे काढा. रोज लागणाऱ्या औषधासाठी एकूण खप भागिले साठा असलेले दिवस, हा साधा हिशोबही बराच सुधारतो. सर्पदंशासारख्या क्वचित, पण एकदम येणाऱ्या गरजेला तो पुरत नाही. म्हणून तीन, बाहेरच्या चिठ्ठ्या आणि पुढे पाठवलेले रुग्ण मोजा.

तिसरं काम किचकट आहे. परवानग्या लागतील, आणि चिठ्ठ्या मोजलेल्या सगळ्यांनाच आवडतील असं नाही. पण तुमचा ‘रिसर्च गॅप’ तिथेच आहे. स्कॅनर विकत मिळतो. न मिळालेल्या औषधाची नोंद मात्र तुम्हालाच करावी लागेल.