कपॅसिटरला आवाज असतो का?

वॉल्टर जंग आणि रिचर्ड मार्श यांनी ‘ऑडिओ’ या अमेरिकी मासिकाच्या फेब्रुवारी व मार्च १९८० च्या अंकांत कपॅसिटरच्या निवडीविषयी एक दोन भागांचा लेख लिहिला. ध्वनियंत्रणेतील कपॅसिटर निवडताना त्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा पुरेसा नाही, आतील अपारक पदार्थ कोणता आहे हेही पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते. लेख अभ्यासपूर्ण होता आणि त्याचा रोख मुख्यतः ॲम्प्लिफायरच्या मंडलांकडे होता. परंतु पुढे लाउडस्पीकर हौसेने बांधणाऱ्या मंडळींनी त्यातील निष्कर्ष उचलून क्रॉसओव्हरला लावले. ‘इलेक्ट्रोलिटिक काढा, पॉलिप्रॉपिलीन बसवा, आवाज मोकळा होईल’ हा सल्ला आज सर्रास दिला जातो. त्याच मायक्रोफॅरडचा, पण ‘ऑडिओ दर्जाचा’ म्हणून विकला जाणारा कपॅसिटर साध्यापेक्षा शंभरपट महागही मिळतो.

दुसरीकडे असाही एक गट आहे, जो म्हणतो की कपॅसिटर तो कपॅसिटर. बाकी सारे मनाचे खेळ. दोन्ही गट ठामपणे बोलतात आणि दोघांचेही अर्धेच बरोबर आहे. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला या वादात रस वाटावा याचे कारण असे, की बारावीच्या पुस्तकातील धारिता आणि रोध यांचे एकसर मंडल इथे प्रत्यक्ष कानाला ऐकू येते. शिवाय ‘मी स्वतः ऐकले’ या पुराव्याचे वजन किती, हेही त्यातून शिकवता येते.

क्रॉसओव्हरमध्ये कपॅसिटरचे काम

एकच लाउडस्पीकर खर्जापासून तारस्वरापर्यंतचे सगळे आवाज नीट देऊ शकत नाही. म्हणून मोठा वूफर खालच्या वारंवारतांसाठी आणि छोटा ट्वीटर वरच्या वारंवारतांसाठी ठेवतात. ट्वीटरच्या नाजूक कॉइलपर्यंत खर्जाचा प्रवाह पोहोचू नये म्हणून त्याच्याशी एकसर कपॅसिटर जोडतात. वारंवारता कमी, तर कपॅसिटरचा अडथळा जास्त. हा अडथळा जिथे ट्वीटरच्या रोधाइतका होतो, ती छेद-वारंवारता.

ट्वीटर ८ ओहमचा आणि छेद ३००० हर्ट्झवर हवा असेल, तर धारिता = १ ÷ (२ × पाय × ३००० × ८), म्हणजे सुमारे ६.६ मायक्रोफॅरड येते. खरा ट्वीटर म्हणजे शुद्ध रोध नव्हे आणि बहुतेक क्रॉसओव्हरमध्ये कपॅसिटरबरोबर कॉइलही असते, पण आपल्या मुद्द्यासाठी हे साधे मंडल पुरे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या कपॅसिटरमधून संगीत ‘जाते’, म्हणून तो खिडकीच्या काचेसारखा असावा, अशी उपमा जाहिरातींत असते. ती फसवी आहे. काचेने काहीच बदलू नये अशी अपेक्षा असते. या कपॅसिटरला मात्र बदल घडवण्यासाठीच बसवलेले आहे. तो किती पारदर्शक आहे असे विचारण्याऐवजी, ठरवलेला बदल तो ठरवल्याप्रमाणे करतो का, असे विचारायला हवे.

फरक खराच ऐकू येतो, पण कशाचा?

बाजारातील बायपोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर छापलेले मूल्य १० ते २० टक्क्यांनी कमीजास्त असू शकते. फिल्म कपॅसिटरमध्ये ही सूट बहुधा ५ टक्के असते. आता वरच्या मंडलात कपॅसिटर १० टक्के मोठा निघाला, तर छेद ३००० वरून सुमारे २७३० हर्ट्झवर सरकतो. जुन्या छेदापाशी ट्वीटरची पातळी सुमारे ०.४ डेसिबेलने वाढते आणि त्याच्या बऱ्याच खाली ०.८ डेसिबेलपर्यंत. दुरुस्ती करणारा ६.६ छापलेला जुना कपॅसिटर काढून ६.६ छापलेलाच नवा बसवतो आणि म्हणतो, मूल्य तेच आहे. त्याने मूल्य वाचलेले असते, मोजलेले नसते.

दुसरे कारण अंतर्गत रोधाचे. कोणताही खरा कपॅसिटर म्हणजे आदर्श कपॅसिटर अधिक त्याच्याशी एकसर असलेला लहानसा रोध. पॉलिप्रॉपिलीनमध्ये हा रोध इतका कमी की दुर्लक्ष करावे. या आकाराच्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये मात्र तो काही दशांश ओहमांपासून एक ओहमपर्यंत असू शकतो. कपॅसिटर जुना होऊन आतील द्राव सुकला की तो आणखी वाढतो. ८ ओहमच्या ट्वीटरशी अर्धा ओहम एकसर आला की वरच्या साऱ्या पट्ट्यात पातळी अर्ध्या डेसिबेलने खाली येते. एक ओहम आला तर एका डेसिबेलने. इलेक्ट्रोलिटिक काढून फिल्म बसवली की तेवढीच पातळी वर जाते.

अर्धा डेसिबेल म्हणजे फार नव्हे. पण तो वरच्या साऱ्या सप्तकांत एकदम वाढला, तर कान त्याला ‘आवाज वाढला’ असे म्हणत नाही. झांजेची किणकिण अधिक स्पष्ट झाली, गायिकेचा श्वास ऐकू येऊ लागला, पडदा दूर झाला, असे म्हणतो. म्हणजे हौशी श्रोता खोटे बोलत नाही. त्याने फरक ऐकलेला असतो. त्याचे श्रेय मात्र तो चुकीच्या खात्यावर टाकतो. पॉलिप्रॉपिलीनच्या अंगच्या एखाद्या गूढ गुणाने आवाज बदललेला नसतो. ट्वीटर थोडा मोठ्याने वाजू लागलेला असतो.

याची खातरजमा करणे सोपे आहे. नव्या फिल्म कपॅसिटरशी जुन्याच्या अंतर्गत रोधाइतका रोध एकसर जोडावा आणि धारिता जुन्याच्या मोजलेल्या मूल्याइतकी करून घ्यावी. एवढे केल्यावर ‘मोकळेपणा’ नाहीसा झाला, तर तो पदार्थाचा गुण नव्हता. हा रोध काही रुपयांत मिळतो; महाग कपॅसिटरच्या जाहिरातीत मात्र या प्रयोगाचा उल्लेख नसतो. आणि लाउडस्पीकरच्या मूळ रचनाकाराने इलेक्ट्रोलिटिक धरूनच आवाज जुळवला असेल, तर तो रोध त्याच्या हिशेबात होता. तो काढून टाकणे म्हणजे सुधारणा नव्हे, रचनेत केलेला बदल होय.

अपारकाचे शोषण

जंग आणि मार्श यांच्या लेखाचा मोठा भर अपारकाच्या शोषणावर आहे. भारित कपॅसिटरची टोके क्षणभर जोडून त्याला रिकामे केले आणि मग सोडून दिले, तर थोड्या वेळाने त्यावर पुन्हा थोडे विभवांतर दिसते. जणू काही भार पदार्थात मुरून राहिला होता. पॉलिप्रॉपिलीनमध्ये हे प्रमाण टक्क्याच्या काही शतांशांइतके, पॉलिएस्टरमध्ये टक्क्याच्या काही दशांशांइतके, तर इलेक्ट्रोलिटिकमध्ये काही टक्के असते. तक्त्यात हा फरक प्रचंड दिसतो. त्यावरून, आधीच्या स्वराचा अंश पुढच्या स्वरात मिसळतो अशी कल्पना करणे मोहक आहे.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. एखाद्या गुणधर्माचा आकडा तक्त्यात मोठा असणे आणि दिलेल्या मंडलात त्याचा परिणाम मोठा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधला हिशेब लेखात पुरेसा मांडलेला नाही आणि वाचकांनी तर तो केलाच नाही. आपण तो करून पाहू. शोषणाचे वर्तन दाखवण्यासाठी मुख्य कपॅसिटरला समांतर असे छोटे कपॅसिटर आणि त्यांच्याशी एकसर मोठे रोध कल्पितात. समजा, एका सेकंदाच्या कालस्थिरांकाची अशी एक शाखा आहे आणि तिची धारिता मुख्य कपॅसिटरच्या एक टक्का, म्हणजे ०.०६६ मायक्रोफॅरड आहे. मग तिचा रोध सुमारे १.५ कोटी ओहम येतो. ८ ओहमच्या मंडलात ही शाखा असून नसल्यासारखीच. वेगाने भरणाऱ्या शाखा असतात, पण त्यांचा परिणाम अंतर्गत रोधाच्या मोजणीत आधीच धरला गेलेला असतो. तो दुसऱ्यांदा मोजता येणार नाही.

शोषणाला महत्त्व नाही असे नव्हे. जिथे कपॅसिटरला विभवांतर काही काळ धरून ठेवायचे असते, अशा मापनमंडलांत ते मोठी चूक घडवते. क्रॉसओव्हरमधील कपॅसिटरला काहीच धरून ठेवायचे नसते. ८ ओहम सतत त्याच्या गळ्यात बांधलेले असतात.

मोठ्याशी समांतर छोटा फिल्म कपॅसिटर जोडण्याच्या प्रथेलाही हाच हिशेब लावावा. १०,००० हर्ट्झला ६.६ मायक्रोफॅरडचा अडथळा सुमारे २.४ ओहम, तर ०.१ मायक्रोफॅरडचा १५९ ओहम. बहुतेक सारा प्रवाह मोठ्यातूनच जाणार.

संशयवाद्यांनी काय विसरू नये

मग सगळे कपॅसिटर सारखेच का? नाही. वर पाहिलेले परिणाम रेषीय आहेत. ते स्वरांचे प्रमाण बदलतात, नवे स्वर निर्माण करत नाहीत. काही कपॅसिटरची धारिता मात्र विभवांतरानुसार बदलते आणि मग मूळ ध्वनीत नसलेल्या वारंवारता उमटतात. याला विकृती म्हणतात. टँटलम आणि काही सिरॅमिक प्रकारांकडे जंग व मार्श यांनी बोट दाखवले होते, आणि ते योग्यच होते. सिरिल बेटमन यांनी ‘इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात २००२ पासून चालवलेल्या लेखमालेत अशी विकृती काळजीपूर्वक मोजली. चांगल्या फिल्म कपॅसिटरची विकृती अत्यल्प, साध्या इलेक्ट्रोलिटिकची जास्त आणि बायपोलरची त्याहून कमी, असा त्यांचा अनुभव.

क्रॉसओव्हरच्या बाबतीत हा मुद्दा पोकळ नाही. ट्वीटरच्या कपॅसिटरवर सर्वांत जास्त विभवांतर उच्च स्वरांचे नसते, खर्जाचे असते. कारण खर्ज अडवण्याचे काम तोच करतो. ८ ओहमला २० वॅट म्हणजे सुमारे १२.६ व्होल्ट, आणि खर्जात यातले जवळजवळ सगळे त्याच्यावर पडतात. त्यामुळे या जागी सिरॅमिकचा उच्च धारितेचा स्वस्त प्रकार किंवा सुकलेला इलेक्ट्रोलिटिक बसवणे चूकच. पण साधा, मापात असलेला पॉलिएस्टर बसवल्यानंतर उरणारी विकृती ट्वीटर व वूफर यांच्या स्वतःच्या विकृतीपेक्षा कितीतरी कमी असते. तिथून पुढे शंभरपट पैसे मोजून काय मिळते, ते विकणाऱ्याने मोजून दाखवावे.

कानाची साक्ष कशी घ्यावी

१९८२ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एका तुलना-पद्धतीचे वर्णन केले. श्रोत्याला ‘अ’, ‘ब’ आणि एक अज्ञात ऐकवायचे. अज्ञात कोणता हे ना श्रोत्याला माहीत, ना चाचणी घेणाऱ्याला. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी तेच लाउडस्पीकर श्रोत्यांना पडद्याआडून आणि उघड दाखवून ऐकवले, तेव्हा दिलेले गुण बदलले. डोळ्यांना जे माहीत असते ते कान ‘ऐकतात’. यात श्रोत्यांचा अपमान नाही. माणसाचे ऐकणे असेच चालते. म्हणूनच साक्षीची पद्धत ठरवावी लागते.

शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात हे करता येईल. ट्वीटरच्या जागी ८ ओहम, १० वॅटचा रोध घ्यावा. ॲम्प्लिफायरमधून २.८३ व्होल्ट द्यावेत. दर वारंवारतेला ते पुन्हा तपासावेत. ६.६ मायक्रोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरसह ३००० हर्ट्झला रोधावर सुमारे २ व्होल्ट आणि १०,००० हर्ट्झला २.७१ व्होल्ट मिळायला हवेत. कपॅसिटरशी अर्धा ओहम एकसर जोडला की दुसरा आकडा २.५६ वर येतो. मोजणी ऑसिलोस्कोपवर करावी, कारण स्वस्त मल्टिमीटर इतक्या वारंवारतेला बऱ्याचदा चुकीचा आकडा दाखवतात. मग खरा ट्वीटर लावून एका विद्यार्थ्याने नाणे उडवून कपॅसिटर बदलावा, निकाल कागदावर लिहून झाकावा आणि खोलीबाहेर जावे. दुसऱ्याने आत येऊन संगीत लावावे व उत्तरे नोंदवावीत. अशा १६ फेऱ्यांत १२ किंवा अधिक उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के आहे. आधी दोन्ही कपॅसिटर जसेच्या तसे, आणि नंतर धारिता व रोध जुळवून, अशी दोनदा चाचणी घ्यावी. या दोन निकालांतील फरक हाच खरा पाठ.

घरचा किंवा शाळेचा जुना लाउडस्पीकर दुरुस्त करायचा असेल, तर मोजलेल्या मूल्याचा, ५ टक्के सूट असलेला, १०० व्होल्ट किंवा अधिक क्षमतेचा साधा फिल्म कपॅसिटर घ्यावा. मूळचा इलेक्ट्रोलिटिक असेल आणि नव्याने उच्च स्वर टोचू लागले, तर अर्धा-एक ओहम एकसर जोडून पाहावा. उरलेले पैसे चांगल्या ट्वीटरवर खर्च करावेत.

जंग आणि मार्श यांनी कपॅसिटरकडे बारकाईने पाहायला शिकवले, हे त्यांचे ऋण मान्य करावे. त्यांच्या वाचकांनी एकच प्रश्न विचारायचा राहून गेला: या मंडलात, या जागी, परिणाम किती? विद्यार्थ्यांना तो प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर ते कपॅसिटरच काय, कुठलीही महाग वस्तू घेताना आधी मोजणीची मागणी करतील.