पॉपअप खिडकीतील फाइल-शोध आणि खानदेशी मजकूर : एक चिकित्सा

प्रास्ताविक

संगणकावर साठविलेल्या शेकडो फाइलींतून हवी ती ओळ शोधून काढणे हे आता केवळ संगणकतज्ज्ञाचे काम राहिलेले नाही. बोलीभाषा, लोकसाहित्य आणि स्थानिक इतिहास यांच्या अभ्यासकालाही ते नित्य करावे लागते. 'विम' हा टेक्स्ट एडिटर ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. डिसेंबर २०१९ मधील त्याच्या ८.२ या आवृत्तीत पॉपअप खिडकीची सोय आली आणि फाइली शोधणाऱ्या प्लगइनांना नवे रूप मिळाले. अशा प्लगइनांपैकी 'एफझेडएफ' हे विशेष प्रचलित आहे. खानदेशातील मराठी व अहिराणी मजकुराच्या संदर्भात त्याची उपयुक्तता व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शोधाची पद्धती

या साधनाचे गुण निर्विवाद आहेत. लिहिणे न थांबविता चालू मजकुरावरच एक लहान खिडकी उघडते. शोधशब्दाचे एकेक अक्षर टंकित होताच यादी आक्रसत जाते आणि शेजारी निवडलेल्या फाइलीचा मजकूर दिसतो. फाइलींच्या आतील मजकूर शोधण्यासाठी बहुधा 'रिपग्रेप' या २०१६ मधील प्रोग्रॅमचे साहाय्य घेतले जाते.

शोधाचे तत्त्व 'शिथिल जुळणी'चे आहे. टंकित केलेली चिन्हे त्याच क्रमाने ओळीत आढळली की ती ओळ पात्र ठरते. मध्ये इतर चिन्हे आली तरी चालतात. सलग जुळणाऱ्या किंवा शब्दारंभी जुळणाऱ्या चिन्हांना अधिक गुण मिळतात व तशा ओळी वर येतात. रोमन लिपीत हे तत्त्व सुखाने चालते. फ्रेंच वा स्पॅनिश अक्षरांवरील स्वरचिन्हे वगळून शोधले तरी एफझेडएफ ती अक्षरे जुळवून घेते. देवनागरीसाठी अशी सवलत त्यात नाही.

देवनागरीतील कसोटी

'खान्देश' आणि 'खानदेश' ही दोन्ही रूपे छापील साहित्यात आढळतात. संगणकाच्या लेखी पहिल्या रूपात ख, काना, न, हलन्तचिन्ह, द, मात्रा आणि श अशी सात चिन्हे आहेत. दुसऱ्यात हलन्तचिन्ह नसल्याने सहा. म्हणून 'खानदेश' असे शोधल्यास दोन्ही रूपे सापडतात, परंतु 'खान्देश' असे शोधल्यास 'खानदेश' सापडत नाही. हीच गत 'धुळे' आणि जुन्या लेखनातील 'धुळें' यांची. अधिक काटेकोर लिहिणाऱ्याला कमी उत्तरे मिळावीत, हा या पद्धतीतील विपर्यास होय.

त्यावर उपाय आहे. केवळ व्यंजने लिहून 'खनदश' असा शोध घेतला तर दोन्ही रूपे हाती येतात. 'संत' व 'सन्त' यांसाठी 'सत' पुरेसे ठरते. मात्र 'सत' लिहिताच 'सत्य', 'सूत' आणि 'सातारा' हेही रांगेत उभे राहतात. व्याप्ती वाढली की गाळसाळही वाढते.

'शेतकऱ्यांचे' या शब्दातील ऱ्य युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे साठविता येतो. दोन फाइलींत तो डोळ्यांना एकच दिसेल, पण त्यामागील चिन्हे निराळी असल्यास एका रूपाने घेतलेला शोध दुसऱ्यापर्यंत पोहोचणार नाही. येथे अभ्यासकाची शुद्धलेखनाची जाणही कामी येत नाही, कारण भेद दृश्यच नसतो.

खानदेशातील संदर्भ

धुळे येथे १९२७ मध्ये स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळामुळे या प्रदेशाला कागदपत्रांच्या अभ्यासाची दीर्घ परंपरा लाभली आहे. जुन्या कागदपत्रांचे लेखन एकरूप नसते. छापील मराठीतही अनुच्चारित अनुस्वार गळाले ते १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर. प्रशासकीय नावेही बदलली. आजचा जळगाव जिल्हा जुन्या कागदांत 'पूर्व खानदेश' या नावाने येतो. केवळ 'जळगाव' शोधणाऱ्यास ते कागद दिसणार नाहीत.

बोलीच्या बाबतीत प्रश्न अधिक मूलगामी आहे. जळगाव परिसरातील बहिणाबाई चौधरी यांची मौखिक रचना इतरांनी लिहून घेतली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. खानदेशी बोलींत 'ळ' च्या जागी 'य' येतो : 'डोळा' चे 'डोया', 'काळा' चे 'काया'. येथे शिथिल जुळणी निरुपयोगी ठरते, कारण व्यंजनच बदललेले असते. यावर यंत्राने 'ळ' व 'य' समान मानावेत, अशी सूचना कोणी करील. ती स्वीकारार्ह नाही. हा वर्णबदल हाच बोली-अभ्यासकाचा पुरावा आहे. तो यंत्राने परस्पर मिटविला तर शोध सुलभ होईल, पण शोधण्याजोगे काही उरणार नाही. 'डोळा | डोया' असा पर्यायी शोध एफझेडएफमध्ये घेता येतो. तो अभ्यासकाने जाणीवपूर्वक घ्यावा, हे अधिक योग्य.

रिकाम्या खिडकीचा अर्थ

सर्वांत गंभीर मर्यादा खिडकीत दिसतच नाही. युनिकोडपूर्व फाँटांत टंकित केलेला मराठी मजकूर संगणकात बहुधा रोमन अक्षरांच्या संकेतांनी साठविलेला असतो. देवनागरी शोधशब्द त्याला स्पर्शही करीत नाही. रिपग्रेप लपविलेल्या, वगळण्याच्या यादीतील आणि द्विमान फाइली मुळातच सोडून देते. वर्ड वा पीडीएफ स्वरूपातील मजकूरही सामान्यतः तसाच राहतो. खिडकी मात्र 'शोधले आणि नाही' व 'शोधलेच नाही' यांत फरक करीत नाही. अशा रिकाम्या खिडकीवर विसंबून 'हा शब्द या साधनांत आढळत नाही' असे विधान प्रबंधात आले, तर ते संशोधन नव्हे. ती साधनाची मर्यादा निष्कर्षाच्या वेषात आलेली असते.

निष्कर्ष

१. एकाच अक्षराची निरनिराळी संकेतरूपे समान मानणे ही साधनकर्त्यांची जबाबदारी आहे. तेथे अर्थाची कोणतीही हानी नाही.

२. शुद्धलेखनातील भेद समान मानण्याची सोय ऐच्छिक असावी. बोलीतील वर्णभेद मात्र अभ्यासकाच्या निर्णयावर सोडावेत.

३. शोधापूर्वी सर्व मजकूर युनिकोडमधील साध्या फाइलींत आणून त्यांची संख्या मोजावी.

४. नकारात्मक निष्कर्ष मांडताना कोणत्या फाइली, कोणत्या रूपांनी शोधल्या याची नोंद प्रबंधात असावी आणि मार्गदर्शकाने ती मागावी.

पॉपअप खिडकीने शोधाचा वेग निश्चितच वाढविला आहे. जे सापडले त्याविषयी ती विश्वासार्ह आहे. जे सापडले नाही त्याविषयी साक्ष देण्याचा अधिकार तिला नाही.