चालणे, चाललो आणि इंग्रजी क्रियापदांच्या याद्या

इंग्रजीतल्या गतिवाचक क्रियापदांची वर्गवारी हा विषय रत्नागिरीत जाहीर व्याख्यानाला कशाला, असं कोणी विचारील. आपल्याकडचं मराठी माध्यमाचं पोर 'ही एन्टर्ड द रूम रनिंग' असं लिहितं आणि मास्तर खाली लाल रेघ मारतात. वाक्य व्याकरणाने चुकलेलं नाही, तरी ते इंग्रजी वाटत नाही. का वाटत नाही, हे सांगता आलं तरच वर्गवारीचा उपयोग.

लेनर्ड टाल्मी यांनी १९८५ च्या त्यांच्या निबंधात याची चावी दिली. इंग्रजी क्रियापद हालचाल 'कशी' झाली ते आपल्या पोटात ठेवतं आणि 'कुठून कुठे' हे इन, आउट, अक्रॉस अशा चिल्लर शब्दांवर सोपवतं. स्पॅनिश उलट करते. गुहेत तरंगत जाणाऱ्या बाटलीचं त्यांचं उदाहरण प्रसिद्धच आहे. आपण काय म्हणू? बाटली तरंगत गुहेत शिरली. शिरणे, निघणे, चढणे, ओलांडणे, पोचणे ही आपली क्रियापदं वाटेची. घाटावरचा माणूस कोकणात 'उतरतो'. इंग्रजाला तिथे 'डाउन' जोडावं लागतं. 'कसं' हे आपण धावत, लंगडत, रांगत यांवर टाकतो, नाहीतर तुरुतुरु, दुडुदुडु आहेतच. (ती गंमत इंग्रजीत गेली की मेलीच.) म्हणजे त्या पोराने मराठी सांगाडा इमानाने इंग्रजीत उभा केला होता.

इथवर आमची तक्रार नाही. तक्रार पुढे सुरू होते.

बेथ लेव्हिन यांचं १९९३ चं 'इंग्लिश व्हर्ब क्लासेस अँड ऑल्टरनेशन्स' हे मोठ्या कष्टाचं पुस्तक आहे. तीन हजारांवर क्रियापदं, आणि गतीचे वेगळे गट: ठराविक दिशेची, घरंगळण्याची, धावण्याची, वाहनाची, पाठलागाची. त्यांची पद्धत अशी की, क्रियापद कोणत्या वाक्यरचनांत बसतं ते तपासा, त्यावरून अर्थाचा गट कळतो. पद्धत उत्तम. पण आपण तिथून पद्धत उचलत नाही, यादी उचलतो. वॉक म्हणजे चालणे, रन म्हणजे धावणे किंवा पळणे, असे मराठी प्रतिशब्द लावून मोकळे होतो.

आता बघा. 'मी मांडवीपर्यंत चाललो' म्हणजे पाय झिजवले, काम झालं. 'मी मांडवीला चाललो' म्हणजे अजून वाटेवर आहे, कदाचित रिक्षाने. पहिलं क्रियापद 'कसं'च्या गटात, दुसरं निव्वळ जाण्याचं. आणि दोन्ही एकच रूप! फरक केला तो '-ला' आणि 'पर्यंत' यांनी. एसटीसुद्धा चिपळूणला 'चालली' ती याच न्यायाने. तसंच धावणे आणि पळणे. मांजर घरात पळालं म्हटलं तर बाहेरून आत गेलं. मांजर घरात धावलं म्हटलं तर कान टवकारतात. आतल्या आत धावलं की काय? उलट माणूस मदतीला धावतो, मदतीला कोणी पळत नाही. पळण्यात निसटणं आहे. शब्दकोश मात्र दोघांसमोर 'रन' लिहून पुढे जातो.

मालगुंडच्या दामल्यांपैकी, केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' दिलं. आपल्याच जिल्ह्यात मराठीकडे मराठीच्या प्रश्नांनी बघणारा माणूस होऊन गेला, आणि आपण अजून परक्या यादीतली रिकामी घरं भरतो आहोत, हे आम्हाला खटकतं.

वाहनाच्या गटाचंच घ्या. इंग्रजीत सायकल, कनू अशी वाहनांची नावंच क्रियापदं होतात. आपल्याकडे 'सायकलणे' नाही. मग घर रिकामं ठेवायचं? पण वल्ह्यावरून आपण 'वल्हवणे' केलंच आहे; वाहनावरून नाही, हत्यारावरून. आणि ते कर्म मागतं. इंग्रज खाडी 'अक्रॉस' वल्हवत जाऊ शकतो, एका क्रियापदात. आपल्याला 'आम्ही पलीकडे वल्हवलो' म्हणता येत नाही. होडी वल्हवत पलीकडे गेलो, असंच म्हणावं लागतं: होडीही सांगायची आणि जाणंही. हे वल्हवणे लेव्हिनबाईंच्या कुठल्या गटात टाकायचं, ते प्रश्नोत्तरांत तुम्हीच सांगा.